जणू आला की उत्प्रेक्षा

मराठी माणूस सकाळी उठल्यापासून रात्री आडवा होईपर्यंत निदान पन्नास अलंकार वापरतो आणि परीक्षेत त्याला त्यांतला एक ओळखता येत नाही. हा पन्नासचा आकडा मी मोजलेला नाही. ती अतिशयोक्ती आहे. पण अतिशयोक्ती हाही अलंकारच असल्यामुळे माझे आजचे एकोणपन्नास उरले असं समजून पुढं चला.

अलंकार म्हणजे दागिने. हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला आपल्या मध्यमवर्गाची पूर्वकल्पना असली पाहिजे. कारण सोन्याच्या दागिन्यांचं आपण जे केलं तेच भाषेच्या दागिन्यांचं केलं. लॉकरमध्ये ठेवून दिले. लग्नकार्य निघालं की ते बाहेर काढायचे, परीक्षा आली की हे. एरवी 'आपल्याकडे आहेत' एवढ्या समाधानावर दिवस काढायचे. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त हे दागिने अवघे चार होते. उपमा, रूपक, दीपक आणि यमक. संसार सुटसुटीत होता. मग भामह आला, दंडी आला, मम्मट आला. प्रत्येकानं दोन-चार नग घडवले, दोन-चार मोडून नवे केले. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत येता येता यादी शंभरीच्या पार गेली. डबीचा सराफकट्टा झाला. शाळेनं त्यातले पंधरा-वीस नग निवडले, प्रत्येकाला दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधली आणि 'अलंकार ओळखा' असा प्रश्न काढला. मुलं चिठ्ठी ओळखू लागली. दागिना पाहायची गरज उरली नाही.

शेजारची एक मुलगी माझ्याकडे व्याकरण विचारायला येते. तिनं मला एकदा या विद्येचं सार सांगितलं.

"सोप्पं असतं, काका. 'जणू' आला की उत्प्रेक्षा. 'सारखा' आला की उपमा. दोन्ही नसले आणि तरी काहीतरी गडबड वाटली की रूपक."

"बरं," मी म्हटलं, "'आमचा बंड्या सारखा रडतो' यात कोणता?"

"उपमा."

"उपमेय?"

"बंड्या."

"आणि उपमान?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ते लोप पावलंय. लुप्तोपमा."

आता गंमत अशी, की लुप्तोपमा नावाचा प्रकार शास्त्रात खरोखरच आहे. उपमेची चार अंगं असतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्य दाखवणारा शब्द. त्यातलं एखादं गाळलं की लुप्तोपमा होते. म्हणजे मुलीचं शास्त्र पक्कं होतं. फक्त बंड्या कुणासारखाही रडत नव्हता. तो सतत रडत होता आणि ते ऐकायला त्या उत्तरात कुणी थांबलंच नव्हतं.

त्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही. एका गुणासाठी जेवढं लागतं तेवढं तिला दिलं गेलं. तक्रार आहे ती चिठ्ठीबद्दल. कारण उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांतला फरक 'सारखा' आणि 'जणू' या शब्दांत नसतोच. तो बोलणाऱ्याच्या मनात असतो. समजा, एका कचेरीतले साहेब चिडले आहेत. कारकून ही बातमी चार तऱ्हांनी देऊ शकतो. 'साहेब कुकरसारखे तापलेत' ही उपमा. साहेब निराळे, कुकर निराळा. तापणं तेवढं दोघांत समान. 'साहेब म्हणजे जणू कुकरच' ही उत्प्रेक्षा. आता कारकुनाला खुर्चीत कुकर दिसू लागलाय, पण 'जणू' म्हणून त्यानं एक पाय दाराबाहेर ठेवलाय. 'या साहेबरूपी कुकरची वाफ रोज आमच्याच अंगावर' हे रूपक. इथं दोघे एकच झाले. आणि चौथी तऱ्हा मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर ऐकू येते: 'कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात. तिसरीच्या आत कागद पुढं करा.' या वाक्यात साहेब औषधालाही नाहीत. उपमानानं उपमेय गिळून टाकलं. शास्त्रात याला 'निगरण' असंच नाव आहे, म्हणजे गिळणं, आणि ही अतिशयोक्तीची एक जात मानतात. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात, त्यामुळे हा गिळणारा प्रकार आपल्या ओळखीचाच नसतो. टपरीवरच्या मंडळींच्या मात्र चांगलाच ओळखीचा असतो.

आता ही शिडी जरा निरखून पाहा. पायरीगणिक बोलणाऱ्याची जबाबदारी वाढते. साहेबांनी जाब विचारला तर उपमेत जामीन मिळतो: "कुकरसारखे म्हटलं साहेब, कुकर म्हटलं नाही." उत्प्रेक्षेत थोडा वेळ लागतो, पण सुटका होते. रूपकात खटला उभा राहतो. आणि निगरणात तर साहेबांना आधी स्वतःच कबूल करावं लागतं की तो कुकर म्हणजे आपण! कवीही हेच करत असतो. दोन गोष्टी शेजारी ठेवताना त्यांच्यात किती अंतर राखायचं, हे तो ठरवतो. 'सारखा' लिहिलं तर त्याला दोन्ही गोष्टी तुम्हाला दाखवायच्या असतात. एक गाळली तर ती तुम्ही विसरावी असं त्याला वाटत असतं. 'इथं अंतर एवढंच का राखलंय?' हा खरा प्रश्न. 'कोणता अलंकार?' हे त्या प्रश्नाचं नुसतं दार.

दार नको असं मात्र मी म्हणणार नाही. नावं हवीतच. नावं नसली की 'किती छान लिहिलंय, नाही?' याच्या पुढं आपलं रसग्रहण सरकत नाही. नावांमुळे बारीक फरक दिसू लागतात. आणि बारीक फरक शिकायला खानावळीइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

शिकायला असताना मी एका खानावळीत जेवत होतो. तिथल्या आमटीनं मला जेवढं साहित्यशास्त्र शिकवलं तेवढं पुस्तकांनी शिकवलं नाही. नवा मुलगा पहिल्या दिवशी वाटीकडे बघून विचारायचा, "ही आमटी की हात धुवायचं पाणी?" हा ससंदेह. एक जण एकदा खरोखरच तिच्यात हात धुऊन उठला. हा भ्रांतिमान. ससंदेहात माणूस दोहोंत लोंबकळत असतो. भ्रांतिमानात त्याचा निकाल लागलेला असतो आणि तो चुकीचा असतो. दोन महिने काढलेले जाणते लोक म्हणत, "ही आमटी नव्हेच, हे पाणी." मूळ वस्तू साफ नाकारून तिथं उपमान बसवलं, ही अपन्हुती. "पातळपणात हिनं पाण्यावरही ताण केली" हा व्यतिरेक. "या आमटीसारखी आमटी हीच" हा अनन्वय. तुलनेला दुसरं काही सापडेना म्हणून वस्तूची तुलना तिच्याशीच. "डाळ दारातून डोकावली आणि लाजून परत गेली" ही चेतनगुणोक्ती. "आमटी बारीक केली मालकानं, आणि बारीक झालो आम्ही" ही असंगती, कारण एकीकडे आणि कार्य दुसरीकडे. त्यावर एखादा पोक्त विद्यार्थी निःश्वास टाकून "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" असं म्हणाला की विशेष गोष्टीला सामान्य सिद्धांताचा टेकू मिळून अर्थांतरन्यास व्हायचा. आणि आमच्यातला एक धीट मुलगा थेट मालकांना म्हणायचा, "मालक, एवढी स्वच्छ आमटी साऱ्या गावात नाही. वाटीच्या तळावर कोरलेलं नाव वाचता येतं." ही व्याजस्तुती. मालक खूश व्हायचे आणि त्याला आणखी एक वाटी वाढायचे. व्याजस्तुतीतला धोका तो हाच.

आमटी एक आणि अलंकार नऊ. परीक्षेत नऊ गुण. पण यातला प्रत्येक अलंकार आमटीपेक्षा बोलणाऱ्याबद्दल अधिक सांगतो, हे लक्षात येतंय ना? ससंदेह नवख्याचा, त्याला अजून आशा आहे. अपन्हुती मुरलेल्याची, त्याची आशा संपली आहे. अर्थांतरन्यासवाला परिस्थितीशी तडजोड करून बसलाय. व्याजस्तुतीवाल्याची अजून भांडायची तयारी आहे, पण त्याला जेवणही हवंय. कवितेत किंवा कथेत एखादं पात्र असं काही बोललं आणि आपण त्याच्यापुढं 'अपन्हुती' एवढंच लिहून थांबलो, तर आपण वाटीचं नाव वाचलं. जेवणारा उपाशी आहे हे आपल्याला दिसलंच नाही.

त्या खानावळीत खेड्यातून आलेला एक अबोल मुलगा होता. तो कधी कोट्या करायचा नाही. एकदा घरी लिहिलेलं पोस्टकार्ड टाकण्यापूर्वी शुद्धलेखन पाहायला त्यानं माझ्याकडे दिलं. त्यात खुशाली होती, फीचे पैसे पोचल्याचं होतं आणि पुढं एक वाक्य होतं: 'आमटीत एक कढीपत्त्याचं पान असतं, ते मी शेवटपर्यंत ठेवतो.' बस. उपमा नाही, जणू नाही, काही नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरून लोणच्याची बरणी आली. आम्हा नऊ अलंकारवाल्यांच्या घरून काहीही आलं नाही.

जसं आहे तसं, नेमकं आणि हुबेहूब सांगणं याला स्वभावोक्ती म्हणतात. ती अलंकार आहे की नाही यावर जुन्या पंडितांत बरेच वाद झाले. आपल्याला त्या वादात शिरायला नको. एवढंच ध्यानात ठेवावं की चिठ्ठी शोधणाऱ्याला स्वभावोक्ती सर्वांत शेवटी दिसते, कारण तिच्या अंगावर कुठलाच खुणेचा शब्द नसतो.

यमकाचं नेमकं उलट. ते आंधळ्यालाही ऐकू येतं, म्हणून आपण त्याच्याकडे लक्षच देत नाही. यमक माणसाला कुठवर ओढून नेतं हे पाहायचं तर उखाणा ऐकावा. नवऱ्याचं नाव विनायकराव असलं की आधीच्या ओळीत कुठंतरी 'लायक', 'गायक' किंवा 'सहायक' येणं भाग असतं, मग घराण्यात सात पिढ्यांत कुणी गायलेलं नसो. उखाण्यात नाव आधी ठरलेलं असतं आणि अर्थ मागून फरफटत येतो. उखाण्यात ते शोभतं. तिथं सगळ्यांचं लक्ष नावाकडेच असतं. पण कविता वाचताना यमक आलं की मी कान टवकारतो. हा दुसरा शब्द पहिल्यानं ओढून आणलाय, की तो आपल्या पायानं आलाय? चांगल्या कवितेत तो आपल्या पायानं आल्यासारखा वाटतो. इतका, की पहिलाच शब्द त्याची वाट पाहत उभा होता असं वाटावं. सामान्य कवितेत तो विनायकरावांच्या गायकासारखा अवघडून उभा असतो.

हे झाले जुने दागिने. नव्या समीक्षेनं आणखी काही आणले: प्रतिमा, प्रतीक, मिथक, संज्ञाप्रवाह. टी. एस. एलियटनं 1919 मध्ये 'हॅम्लेट'वर लिहिताना, भावना थेट सांगू नये, ती जागी होईल अशा वस्तू आणि प्रसंग समोर मांडावेत, असं म्हटलं. आपल्याकडे मर्ढेकरांनी 'भावनानिष्ठ समतानता' असा शब्द घडवला. शब्द ऐकून छातीत धडकी भरते, पण आतली गोष्ट घरगुती आहे. दोन वस्तू बाहेरून एकमेकींसारख्या अजिबात नसतात, आणि तरी मनात एकच सूर लावतात. मुलं परदेशी गेलेल्या घरातला रिकामा झोपाळा आणि त्याच घरात शनिवारी दोन जणांसाठी केलेली चार भाकऱ्यांची उतरंड. झोपाळा भाकरीसारखा दिसत नाही. 'सारखा'ही नाही आणि 'जणू'ही नाही. तरी दोन्ही शेजारी ठेवल्या की आपण गप्प होतो. गप्प का झालो, याचं ते नाव.

यात 'प्रतीक' या शब्दाचे मात्र आपण फार हाल केले आहेत. हल्ली परीक्षणात दार दिसलं की मुक्ती, खिडकी दिसली की आकांक्षा, जिना दिसला की संघर्ष आणि कावळा दिसला की मृत्यू. ही पुन्हा चिठ्ठीच. आता कावळ्याचंच घ्या. पिंडाला शिवणारा कावळा आपल्याकडे आहे हे खरं. पण सकाळी अंगणात ओरडून पाहुणा येणार असं सांगणारा कावळाही आपल्याकडेच आहे. तेव्हा कवितेत कावळा आला म्हणून लगेच सुतक धरू नये. तो कुठं बसलाय, कुणाच्या घरावर, किती वाजता, आणि घरात वाट कुणाची आहे, हे आधी पाहावं. प्रतिमा म्हणजे डोळ्यांपुढं, कानांपुढं, नाकापुढं उभी राहिलेली वस्तू. ती पुन्हापुन्हा येऊ लागली आणि दर खेपेला थोडा थोडा अर्थ साठवून गेली, की तिचं प्रतीक होतं. कथेच्या पहिल्या पानावर खुंटीला लावलेली ओली छत्री असते, ती निव्वळ छत्री. मधल्या भागात वडील गेल्यावर ती तिथंच कोरडी लटकत असते. शेवटी मुलगा ती काढतो आणि उघडून बघतो. आता ती प्रतीक. पहिल्या पानावरच 'छत्री कशाचं प्रतीक आहे?' असं विचारणाऱ्याला छत्री कधीच दिसत नाही. तो भिजतोही आणि त्याला कळतही नाही.

आणि या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट पुन्हा जुन्यांनीच सांगून ठेवली आहे. सातव्या शतकाच्या सुमारास भामहानं बजावलं की 'सूर्य मावळला, चंद्र उगवला, पाखरं घरट्याकडे चालली' हे काही काव्य नव्हे. ही नुसती वार्ता. वर्तमानपत्रातली हवामानाची चौकटच म्हणा. पुढं नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वनी सांगितला. वाच्य अर्थाच्या पलीकडे जो नाद घुमत राहतो, तोच काव्याचा आत्मा, असं त्याचं म्हणणं. आणि अकराव्या शतकात मम्मटानं नेमकं 'सूर्य मावळला' हेच वाक्य उचललं आणि म्हणाला, हे कोण कुणाला म्हणतंय ते सांगा, मग अर्थ सांगतो. सेनापतीला म्हटलं तर: हल्ल्याची वेळ झाली. मजुराला म्हटलं तर: काम थांबव. गुराख्याला: गाई आत घे. दुकानदाराला: माल आवर. संकेतस्थळी निघालेलीला: आता निघ. आणि वाट पाहणारीला: अजूनही तो आला नाही. एक वाक्य, अलंकार एकही नाही, आणि अर्थ ऐकणारांइतके.

यासाठी संस्कृत शिकायला नको. रात्री आमच्या घरात पाहुणे गप्पांत रंगलेले असतात आणि आमच्या सौभाग्यवती घड्याळाकडे बघून सहज म्हणतात, "अगंबाई, साडेनऊ वाजले की!" अभिधेनं पाहिलं तर हे वेळेचं ज्ञान. व्यंजनेनं पाहिलं तर मुलाला ते 'झोपायला जा' असं ऐकू येतं, मला 'आता तरी राजकारण पुरे' असं, आणि पाहुण्यांना जे ऐकू यायला हवं ते बहुधा येत नाही. कारण पाहुणे अभिधावादी असतात. ते आपलं घड्याळ बघून म्हणतात, "छे, तुमचं पाच मिनिटं पुढं आहे."

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे ठीक आहे, पाहुणे अर्ध्या तासानं का होईना उठतात. यात एवढं जिवावरचं काय आहे? आहे. अलंकार काही फक्त कवितेत राहत नाहीत. ते खिडकीपलीकडच्या टेबलावरही राहतात.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मास्तर आहेत. आयुष्यभर मराठीच शिकवलं. निवृत्तीनंतर थकलेल्या पैशांसाठी त्यांनी एका कार्यालयात हेलपाटे घातले. दर खेपेला एकेक वाक्य घेऊन ते परत येत. "फाईल वर गेलीय." "फाईल अजून खाली उतरलेली नाही." "फाईल जरा अडकलीय." एका खेपेला एकानं आस्थेनं "मास्तर, थोडं वजन ठेवल्याशिवाय फाईल हलायची नाही" असंही सांगितलं. वजन ठेवलं की वस्तू हलत नाही, हा आपला शाळेतला समज. इथं विरोधाभास आणि श्लेष एकाच वाक्यात, आणि तेही फुकट नव्हे.

पण मास्तरांचं लक्ष श्लेषावर नव्हतं. ते त्या चालणाऱ्या, चढणाऱ्या, उतरणाऱ्या, अडकणाऱ्या फाईलकडे पाहत होते. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते आहे असं वर्णन म्हणजे चेतनगुणोक्ती. हे त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं. पाचव्या-सहाव्या खेपेला त्यांनी खिडकीतून शांतपणे विचारलं, "फाईल वर गेली हे कळलं. नेली कुणी?"

पलीकडे जरा शांतता पसरली. हा प्रश्न त्या खिडकीला नवा होता. मग नोंदवही निघाली, पानं उलटली गेली आणि एक नाव सापडलं. ते नाव शेजारच्याच टेबलावर बसून चहा पीत होतं.

मास्तरांचे पैसे त्या दिवशी मिळाले नाहीत. पण त्यानंतर फाईलनं चालणं बंद केलं. आता ती कुणीतरी उचलायची होती आणि उचलणाऱ्याला नाव होतं. कवितेत चेतनगुणोक्ती निर्जीवात जीव घालते. कचेरीत ती जिवंत माणसाला लपवते. अलंकार तोच, काम उलट. 'दर वाढले', 'निधी वळला', 'झाडं रस्त्याच्या आड आली', 'महागाईनं डोकं वर काढलं' ही वाक्यं आपण रोज वाचतो. त्यात झाडांनाच रस्त्यात येऊन उभं राहायची खोड असते आणि महागाईला डोकं असतं. कुणाचा हात मात्र कुठंच नसतो. ज्याला फक्त अलंकाराचं नाव ठाऊक, तो इथं एक गुण मिळवतो. ज्याला अलंकार काय करतो ते ठाऊक, तो विचारतो, नेली कुणी?

म्हणून सराफाची एक युक्ती सांगतो. तो दागिन्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही. कसोटीच्या दगडावर दागिना घासतो आणि उमटलेली रेघ बघतो. वाचकाची कसोटी म्हणजे साधं वाक्य. ओळीतला अलंकार काढा, तीच गोष्ट सरळ सांगून बघा आणि काय गेलं ते पाहा. काहीच गेलं नाही, तर तो एक ग्रॅम सोन्याचा मुलामा होता. अर्थच गेला, तर तो दागिना नव्हताच, शरीराचाच भाग होता, कर्णाच्या कुंडलांसारखा. आणि अलंकार काढल्यावर आतून एखादा माणूस चहा पिताना सापडला, तर मग तो मुखवटा होता.

शेजारच्या मुलीला मी यातलं बरंचसं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "पण काका, परीक्षेत काय लिहू?"

परीक्षेत 'जणू' दिसला की बेलाशक उत्प्रेक्षा लिही, म्हटलं. एक गुण आहे, तो का सोडायचा? पेपर देऊन घरी आलीस, की मग तीच कविता पुन्हा काढून वाच.

"तीच?" ती म्हणाली. "परीक्षा झाल्यावर?"

या वाक्यात कोणता अलंकार आहे ते मी अजून शोधतो आहे.